रोजनिशी, आठवडा तिसरा: कुलूप

आज पण पावसाने झोडपून काढलं. ठाण्याला नऊ-दहा नंबरवर जी गाडी आधी येईल ती पकडायची, वाशी असो की पनवेल, तुर्भ्याला दोन्ही थांबतात, या पोस्टिंगचा हा एक फायदा. बाकी फायदे काय ते तीन आठवडे शोधतेय.

म्हणजे कसं झालं, फॅमिली मेडिसिनचं डीएनबी (एमबीबीएसनंतरचं स्पेशलायझेशन) तीन वर्षांचं (नातेवाईकांचा ठरलेला प्रश्न: म्हणजे शेवटी एमबीबीएसच ना गं?), त्यात दीड वर्ष मेडिसिन, पेड्स, गायनॅक, कॅज्युल्टी असं फिरून झालं आणि आता पब्लिक हेल्थ. सीनियर म्हणाले आराम आहे, पुस्तकं घेऊन जा, कोपऱ्यात बसून वाच. मी पण खुशीत होते. एमबीबीएसला पीएसएम, म्हणजे हाच सार्वजनिक आरोग्याचा विषय, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात रट्टा मारायचा, त्यापलीकडे माझा त्याच्याशी कधी संबंध आला नव्हता.

काल सरांनी हातात ड्यू लिस्ट दिली, म्हणजे कोणाची लस द्यायची राहिलीय त्याची यादी. एमआरचा दुसरा डोस, म्हणजे गोवर-रुबेला, १६ ते २४ महिन्यांमधला. यादीत चौदा पोरं, लसीच्या सेशनला आली आठ. उरलेली सहा का आली नाहीत ते शोध आणि कारणाच्या रकान्यात लिही. सोपं काम. मी पंख्याखाली बसून सहाही घरी फोन लावले. दोन नंबर बंद, एकाने उचलून ठेवून दिला, एक बाई म्हणाली बघू, एक कोणीतरी भलतंच होतं, आणि एका आजीने सरळ सांगितलं नाही द्यायचं इंजेक्शन. मी चौघांपुढे टाकलं 'रिफ्युजल', दोघांपुढे 'संपर्क नाही'. पंधरा मिनिटांत काम फत्ते.

आशाताईंनी (आशा म्हणजे वस्तीतली आरोग्य स्वयंसेविका) तो कागद घेतला, चष्मा नाकावर खाली ओढून वाचला आणि म्हणाल्या, "मॅडम, हे रिफ्युजल नाहीये. हे कुलूप आहे. चला."

तुर्भे स्टोअरच्या त्या गल्लीत सकाळी अकराला गेलात तर खरंच कुलपंच दिसतात. पत्र्याच्या दाराला साखळी, साखळीला कुलूप, आणि पाणी जाऊ नये म्हणून त्याच्यावर दुधाच्या पिशवीचा तुकडा बांधलेला. एकापाठोपाठ एक. ताईंना कोण कुठे गेलंय ते सगळं पाठ. ही मार्केटला, कांदे निवडायला, पहाटे चारला निघते, ती पण मार्केटला, ही दोन घरची भांडी करून तीनला येते. धाकटं पोर सोबत तरी नेतात नाहीतर थोरल्या पोरीकडे ठेवतात. आमचं सेशन दहा ते दोन. म्हणजे आम्ही बरोब्बर त्या वेळेला लस घेऊन बसतो जेव्हा गल्लीत कोणी नसतं, आणि नंतर लिहितो की लोक नकार देतात. मला कान गरम झाल्यासारखं झालं खरं.

तर सहांचा हिशोब असा निघाला. तीन कुलपं. एक कुटुंब पेरणीसाठी जालन्याकडे गावी गेलेलं. एकाचं कार्ड गावाला राहिलं होतं, बापाचा जुना नंबर ताईंनी कुठल्यातरी वहीतून काढला, तो यू-विनवर, म्हणजे लसीकरणाच्या सरकारी पोर्टलवर टाकला तर डोस गावीच होऊन गेलेला, म्हणजे ते पोर यादीत असायलाच नको होतं. आणि खरा नकार एकच, त्या आजीचा.

आजीला मी समजवायला गेले. लस सुरक्षित असते, ताप आपोआप जातो वगैरे, ओपीडीत बोलते तसंच. आजी माझ्याकडे बघतच नव्हत्या, तांदूळ निवडत होत्या. मागच्या वेळेला पोर रात्रभर रडलं होतं आणि सून कामावर, आजी एकटी. ताई म्हणाल्या, "येईल ना ताप. येणारच नाही असं कोण म्हणतंय? आला तर सिरप हे, आणि रात्री मला फोन करायचा, मी तीन गल्ल्या सोडून राहते." आजींनी पहिल्यांदा मान वर केली. 'हो' काही म्हणाल्या नाहीत, पण मान वर केली. ताईंना पगार नाही हो, कामागणिक मोबदला, आणि त्या रात्रीचा फोन कुठल्या रकान्यात बसतो कोण जाणे.

परत येताना डोक्यात शाळेतला अपूर्णांक घोळत होता. वॉर्डात मला फक्त अंश दिसतो. जो येतो तो पेशंट, त्याची फाइल, त्याचा डिस्चार्ज. छेदाचा विचारच करावा लागत नाही, तो बाहेर कुठेतरी कुलूप लावून कांदे निवडायला गेलेला असतो. २०२२ च्या शेवटी गोवंडीत गोवर पसरला, मग भिवंडी, मालेगाव, तेव्हा मी इंटर्न होते. तोंडातले कॉप्लिक स्पॉट (गोवरचे पांढरे ठिपके) बघितले, व्हिटॅमिन ए चे डोस दिले आणि मला वाटलं गोवर शिकले मी. पण गोवरचा एक पेशंट बारा ते अठरा जणांना देऊ शकतो, नऊ महिन्यांच्या पहिल्या डोसने शंभरातल्या साधारण ८५ पोरांनाच संरक्षण मिळतं, म्हणून तर दुसरा डोस, आणि साथ अडवायची तर शंभरात ९५ पोरं सुरक्षित लागतात. चौदातली आठ म्हणजे काय ते आता करा गणित.

सरांना सांगितलं संध्याकाळी सेशन लावू. गल्लीत पाणी संध्याकाळी येतं हे मला डेंग्यूच्या सर्व्हेमुळे माहीत होतं, गेल्या आठवड्यात निळी पिंपं टॉर्च मारून बघत फिरत होतो ना. (एडिसची, म्हणजे डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या वर पिंपाच्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात, म्हणून नुसतं ओतून भागत नाही, घासावं लागतं. हे ज्ञान मी लोकांना देत होते आणि कळव्याला घरी मनी प्लांटच्या बाटलीत अळ्या. आईने ऐकवायचं ते ऐकवलं.) तर पाण्याच्या वेळेला प्रत्येक घरात बाई असतेच असते.

सिस्टर वैतागल्या. त्यांचं पण बरोबर आहे, एमआरची व्हायल, म्हणजे लसीची बाटली, एकदा डायल्युएंट (लस विरघळवायचं द्रव) घालून तयार केली की चार तासांत वापरायची, उरलं ते फेकायचं, आणि वाया किती गेलं त्याचा जाब त्यांनाच. सर म्हणाले, एका पोरासाठी पण उघडायची, नियमच आहे. मग आज पाच वाजता समाजमंदिराच्या ओट्यावर टेबल, व्हॅक्सिन कॅरियर, छत्री. सिस्टरनी व्हायलच्या त्या एवढ्याशा लेबलवर पेनाने वेळ लिहिली, ५.२०, आणि घड्याळ काढून शेजारी ठेवलं.

तिन्ही कुलपं आली. एक आई तर हंडा रांगेत ठेवून आली होती, पटकन द्या म्हणाली, लस दिल्यावर अर्धा तास थांबायला लागतं म्हटल्यावर तिने पोर माझ्याकडेच दिलं आणि हंडा भरून आली. त्याने माझा स्टेथोस्कोप चावून ठेवला.

आणि चौथं एक पोर आलं जे कुठल्याच यादीत नव्हतं. अडीच वर्षांचं, कार्ड नाही, आईबाप दोन महिन्यांपूर्वी बांधकामावर आलेले, गर्दी बघून काय मिळतंय ते बघायला आई आली होती. एकही लस झालेली नाही म्हणाली. म्हणजे माझा तो छेद पण चुकीचाच होता, चौदा नव्हतेच मुळात. पाच वर्षांपर्यंत एमआर देता येते म्हणून त्याला उजव्या दंडात पहिला डोस दिला, बाकीच्या लसी सरांना विचारून बसवल्या, नवं कार्ड बनवलं. ताईंनी लगेच बाईला विचारलं, तुमच्याबरोबर अजून किती बिऱ्हाडं आली? सात म्हणाली. उद्या तिकडे.

आजी आल्या नाहीत. पावणेआठपर्यंत थांबलो, मग सिस्टरनी उरलेली व्हायल बाजूला काढली, तोंडाने काही बोलल्या नाहीत. मी फॉर्म उघडला आणि ताईंना विचारलं, आजींच्या पुढे आता रिफ्युजल लिहू का?

"लिहा," त्या म्हणाल्या. "पण पेन्सिलने लिहा."

माझ्याकडे पेन्सिल नव्हती. स्टेशनकडे जाताना नाक्यावरच्या दुकानातून पाच रुपयांची घेतली, आणि गाडीत कोपरखैरणे जाईपर्यंत उभ्यानेच लिहून टाकलं.