जीडीपीच्या दोन बाजू आणि दोन विमानं

आम्ही तिमाही जीडीपीचे आकडे बंद करत होतो त्या दिवशी उत्पादन बाजू १००० आली आणि खर्च बाजू ९८८. (खरी रक्कम सांगता येत नाही, म्हणून उत्पादन बाजू १००० धरून बाकीचं त्या प्रमाणात लिहितो आहे.) दोन बाजूंत २-३ चा फरक नेहमीचाच. सर्वेक्षणं वेगळी, नमुने वेगळे, माहिती हाती येण्याच्या तारखा वेगळ्या. पण १२ चा फरक म्हणजे एखादा मोठा व्यवहार एका बाजूला चढला आणि दुसऱ्या बाजूला चढलाच नाही.

एकच अर्थव्यवस्था दोनदा मोजायची ती यासाठीच. उत्पादन बाजूला प्रत्येक उद्योगाच्या उत्पादनातून कच्चा माल, वीज, भाडं, बाहेरून घेतलेल्या सेवा, म्हणजे मध्यवर्ती उपभोग, वजा करून मूल्यवर्धन काढतात. मग वस्तू-सेवांवरचे कर मिळवतात, अनुदानं वजा करतात. खर्च बाजूला कुटुंबांचा खर्च, सरकारचा खर्च, भांडवल निर्मिती (म्हणजे यंत्रं, इमारती यांतली गुंतवणूक), साठ्यातला बदल आणि निर्यात यांची बेरीज करून आयात वजा करतात. या वजाबाकीबद्दल गैरसमज फार. आयातीने जीडीपी घटत नाही. आयात झालेली वस्तू उपभोगात, भांडवल निर्मितीत किंवा साठ्यात आधीच मोजली गेलेली असते, ती तिथून काढून टाकायची असते. ती कुठेच मोजली नसेल आणि तरी वजा केली, तर खर्च बाजू खोटी खाली येते.

शोध सुरू करताना आधी चिन्ह पाहावं. खर्च बाजू कमी आहे, म्हणजे कुठला तरी खर्च सुटला आहे किंवा आयात फुगली आहे. पहिला संशय साठ्यातल्या बदलावर जातो, कारण सगळ्यांत कच्चा आकडा तोच असतो. बऱ्याच ठिकाणी फरक तिथेच ढकलून मोकळे होतात. तसं केलं की बाजू जुळतात आणि चूक कायमची गाडली जाते. आम्ही साठ्याला हात न लावता आयातीची यादी वस्तुनिहाय लावली. टक्केवारीतल्या वाढीने लावू नये. १ चे ३ झालेली फुटकळ ओळ वर येऊन बसते. एकूण बदलात कोणत्या ओळीचा वाटा किती, या क्रमाने लावली की मोठा मासा लगेच दिसतो. इथे विमानांची एकच ओळ ९ ने वाढली होती.

यंत्रसामग्रीची भांडवल निर्मिती आम्ही वस्तुप्रवाह पद्धतीने काढतो: देशातलं उत्पादन अधिक आयात, वजा निर्यात, वजा इतर वापर, आणि वर वाहतूक, व्यापारी नफा व कर. त्यात आयात वाढली की भांडवल निर्मिती आपोआप वाढते आणि फरक पडत नाही. विमानं मात्र मोजकी आणि अवाढव्य किमतीची, म्हणून ती थेट विमान कंपन्यांच्या विवरणपत्रावरून घेतली जातात. त्या तिमाहीच्या विवरणपत्रात 'खरेदी केलेली विमानं' या रकान्यात शून्य होतं.

कंपनीला फोन लावला. विमानं दोन आली होती, दोन्ही भाडेपट्ट्यावर. सीमाशुल्क खात्याने ती हद्दीत आली म्हणून पूर्ण किमतीला आयात दाखवली. कंपनीने विकत घेतली नाहीत म्हणून खरेदी शून्य लिहिली. दोघंही आपापल्या नियमाने बरोबर. राष्ट्रीय लेख्यांचा नियम तिसराच आहे. जीडीपी मोजण्याची आंतरराष्ट्रीय नियमावली असलेली २००८ ची राष्ट्रीय लेखा प्रणाली आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची व्यवहारतोलाची (परदेशांशी होणाऱ्या व्यवहारांच्या हिशेबाची) सहावी नियमपुस्तिका, दोन्हीकडे आर्थिक मालकी, म्हणजे वस्तूचा फायदा आणि धोका, बदलली तरच वस्तूची आयात धरतात. परिचालन भाडेपट्टा, म्हणजे काही काळापुरतं साधं भाडं, असेल तर विमान परक्याचंच राहतं, आयात होते ती फक्त भाड्याची, सेवा म्हणून. वित्तीय भाडेपट्टा, म्हणजे भाड्याच्या रूपात हप्त्यांनी केलेली खरेदीच, असेल तर विमान पहिल्याच दिवशी पूर्ण किमतीला आयात, तेवढीच भांडवल निर्मिती, आणि समोर परदेशी कर्ज.

कोणता भाडेपट्टा, हे कंपनीच्या ताळेबंदावरून कळत नाही. आयएफआरएस १६ हे कंपन्यांच्या हिशेबाचं आंतरराष्ट्रीय लेखामानक १ जानेवारी २०१९ पासून लागू झालं आणि भाडेकरूच्या पुस्तकात जवळजवळ सगळेच भाडेपट्टे 'वापरहक्क मालमत्ता' म्हणून एका रांगेत बसले. म्हणून करार मागवावा लागतो. त्यात पाहायचं ते हे: भाड्याची मुदत विमानाच्या उपयुक्त आयुष्याच्या किती जवळ जाते, शेवटी नाममात्र किमतीत विकत घेण्याची सोय आहे का, आणि मुदत संपल्यावर उरणाऱ्या किमतीचा धोका कुणाच्या डोक्यावर आहे. देखभाल कोण करतं यावरून ठरवू नये. कर्मचाऱ्यांविना घेतलेल्या विमानाची देखभाल आणि विमा बहुधा भाडेकरूच बघतो, भाडेपट्टा कुठलाही असो.

एक विमान, ६ चं, परिचालन भाडेपट्ट्यावर निघालं. ते आयातीतून काढलं. दुसरं, ३ चं, वित्तीय. त्याची आयात तशीच ठेवून भांडवल निर्मितीत ३ घातले. खर्च बाजू ९९७ झाली. सीमाशुल्काची आयात वाहतूक-विम्यासह असते म्हणून आम्ही ती ठरावीक प्रमाणात कापतो, पण ही कपात विमानाला लावायची नाही. स्वतः उडत आलेल्या वस्तूचा मालवाहतूक खर्च कसला?

मग उलट्या दिशेने एक गोष्ट सापडली, आणि ती या सगळ्या प्रकरणात जास्त महत्त्वाची. त्याच लेखामानकामुळे कंपनीच्या खर्चातून 'भाडं' ही ओळ गेली होती आणि तिच्या जागी घसारा व व्याज आले होते. घसारा आणि व्याज मध्यवर्ती उपभोगात येत नाहीत. त्यामुळे भाड्याने उडणाऱ्या सगळ्या ताफ्याचं भाडं वजाच होत नव्हतं आणि हवाई वाहतुकीचं मूल्यवर्धन सुमारे १ ने जास्त येत होतं. ज्या बाजूवर आमचा भरवसा होता तीच फुगलेली. परदेशी जाणारं भाडं सेवांच्या आयातीत बँकांमार्फत आधीच नोंदलं होतं, म्हणून खर्च बाजूला काही करावं लागलं नाही. उत्पादन बाजू ९९९, खर्च बाजू ९९७. मागच्या तिमाह्यांतही हे भाडं मध्यवर्ती उपभोगात घालावं लागलं. पातळी उतरली, वाढीचा दर जेमतेम हलला.

स्थिर किमतींचं, म्हणजे महागाईचा परिणाम काढून टाकण्याचं, काम करताना विमानाच्या आयातीला आणि भांडवल निर्मितीला एकच किंमत निर्देशांक लावला. वेगवेगळे लावले की चालू किमतींत मिटलेला फरक स्थिर किमतींत पुन्हा उभा राहतो.

ज्या देशात अशा विमानांचे मालक बसतात तिथली तऱ्हा याच्या उलट. आयर्लंडचा २०१५ चा जीडीपी वाढीचा दर २०१६ च्या जुलैत २६.३ टक्के जाहीर झाला. त्यात मुख्य वाटा बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या स्थलांतरित मालमत्तेचा, पण भाड्याने देण्याची विमानंही होती. पुढे तिथल्या सांख्यिकी कार्यालयाने सुधारित राष्ट्रीय उत्पन्नाचा वेगळा आकडा द्यायला सुरुवात केली. त्यातून भाड्याच्या विमानांचा घसारा वगळतात.

उरलेले २ आम्ही विसंगतीच्या ओळीत तसेच छापले. विवरणपत्रात मात्र 'खरेदी' या एका रकान्याऐवजी आता खरेदी, वित्तीय भाडेपट्टा, परिचालन भाडेपट्टा आणि तिमाहीत प्रत्यक्ष दिलेलं भाडं असे चार रकाने आहेत.