हत्यार जमा करणं ही शिक्षा वाटू नये

पोलिसाने आत्महत्या केली की 'कामाचा ताण' एवढं म्हणून सगळे मोकळे होतात. ताण असतोच, पण तो ठाण्यातल्या प्रत्येकाला असतो आणि बहुतेक जण त्यातून निभावतात. धोका वाढतो तो चार गोष्टी एकदम अंगावर आल्यावर: कित्येक आठवड्यांची मोडलेली झोप, वाढलेली दारू, घरातली फाटाफूट, निलंबन किंवा चौकशी. आणि कमरेला हत्यार. या शेवटच्या बाबतीत खात्याला आजच काही करता येतं, म्हणून इथे मुख्यतः त्याबद्दलच.

जीव द्यावासा वाटण्याची तीव्र लाट बहुधा काही मिनिटं ते काही तास टिकते आणि ओसरते. तेवढा वेळ हत्यार हाताशी नसेल तर माणूस वाचण्याची शक्यता खूप वाढते. 'आज अडवलं तर उद्या करेल' हेही खरं नाही. प्रयत्नातून वाचलेल्यांपैकी बहुसंख्य पुढे आत्महत्येने मरत नाहीत. इस्रायलच्या लष्कराने 2006 मध्ये आठवडी सुट्टीवर घरी जाणाऱ्या सैनिकांना रायफल तळावरच ठेवायला लावली. सैनिकांमधलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे 40 टक्क्यांनी उतरलं, आणि कमी झालेल्या आत्महत्या आठवड्याच्या इतर दिवसांवर सरकल्या नाहीत.

मग घोडं पेंड खातं कुठे? एखादा धीर करून साहेबांना सांगतो की मन ठिकाणावर नाही. दुसऱ्या दिवशी हजेरीला सगळ्यांसमोर त्याचं पिस्तूल काढून घेतात, टेबलाच्या कामावर बसवतात. बाकीचे त्यातून एकच शिकतात: तोंड उघडायचं नाही. म्हणून ड्युटी संपली की हत्यार शस्त्रागारात, हा नियम सरसकट सर्वांना हवा. एरवी कुणाचं हत्यार थांबवायचं झालंच तर नोंदवहीत 'तात्पुरतं जमा' एवढंच लिहावं. कारणाचा रकाना वाचायला अख्खं ठाणं येतं. परत कधी आणि कुणाच्या सहीने मिळेल, हे जमा करतानाच सांगावं. समुपदेशकाने ऐकावं, पण तो पोलीस हत्यार बाळगण्यास योग्य आहे का हे दुसऱ्या डॉक्टरने ठरवावं. दोन्ही कामं एकाच माणसाकडे गेली की समुपदेशकासमोर सगळे 'मी मजेत' म्हणू लागतात.

सहकाऱ्यांची चूक वेगळीच. "काही वेडंवाकडं करू नकोस हं," असं म्हटलं की समोरून "छे रे" एवढंच येणार. त्यापेक्षा सरळ विचारा: "जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर 'हो' आलं तर पुढचा प्रश्न: कधी, कसं, हे ठरवलंय का? ठरवलं असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही. सरकारी हत्याराबरोबर घरातलं परवान्याचं हत्यारही हलवायचं (हे हमखास विसरलं जातं), आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे सोबत जायचं. नुसता नंबर हातात देऊन भागत नाही.

निलंबनाचा आदेश सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी हातात ठेवणं तर निव्वळ निष्काळजीपणा. आदेश सकाळी द्यावा, घरी सोडायला कुणीतरी जावं, रात्री आणि दुसऱ्या दिवशी फोन करावा. यासाठी वेगळा निधी लागत नाही.

कॅनडातल्या माँट्रियल पोलिसांनी 1997 मध्ये सर्वांना प्रशिक्षण, वरिष्ठांना वेगळं प्रशिक्षण, गोपनीय फोनसेवा आणि तिची जाहिरात हे सगळं एकत्र सुरू केलं. 12 वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण 79 टक्क्यांनी घटलं. त्याच प्रांतातल्या इतर पोलिसांत तशी घट दिसली नाही. एका दिवसाचं 'तणावमुक्ती शिबिर' घेऊन फोटो काढले की हा परिणाम मिळत नाही.

भारतात टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. पोलिसांच्या घरच्यांनीही तो फोनमध्ये ठेवावा. चिडचिड, रात्रभर जागरण, वस्तू वाटून टाकणं हे त्यांना ठाण्याच्या कितीतरी आधी दिसतं, आणि खात्यात कुणाला सांगायचं हे मात्र त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.