मात दिसली, आता चकवे लिहा: बुद्धिबळ कोड्यांच्या नव्या फेरीची नोंद

गेल्या फेरीपर्यंत उत्तर म्हणून नुसती पहिली चाल कळवली तरी चालत होतं. या फेरीपासून दोन-चाली कोड्याच्या उत्तरात तीन गोष्टी हव्यात: की-मूव्ह, म्हणजे कोडं सोडवणारी पांढऱ्याची पहिली चाल, काळ्याच्या प्रत्येक उत्तरानंतरची मात, आणि निदान एक ट्राय, म्हणजे जवळजवळ चालणारा चकवा, तो नेमका कोणत्या चालीने फसतो यासकट. स्पर्धेत टूमूव्हरला, म्हणजे दोन-चाली कोड्याला, नुसती की-मूव्ह पुरते, हे खरं. पण सरावात तेवढ्यावर थांबणारा अंदाजाने सोडवत राहतो आणि थ्रीमूव्हरपाशी, म्हणजे तीन-चाली कोड्यापाशी, आला की अडकतो.

सुरुवात मुद्दाम सर्वांना माहीत असलेल्या कोड्याने केली: पॉल मॉर्फीचं, १८५६ सालचं. पांढरा राजा सी८, हत्ती ए१, प्यादं बी६. काळा राजा ए८, उंट बी८, प्यादी ए७ आणि बी७. पांढऱ्याची खेळी, दोन चालींत मात. डायग्रामखाली (३+४) असं लिहितात ते पांढरी अधिक काळी मोहरी. पट मांडून झाला की आधी तो आकडा जुळवा. अर्धे ‘कोडं चुकीचं आहे’चे निरोप इथेच मिटतात.

उत्तर १. हत्ती ए६ हे बहुतेकांनी बरोबर दिलं. कारण फार थोड्यांनी. पट नीट पाहा. काळ्याचं बी७ प्यादं पुढच्या बी६ प्याद्यामुळे हलू शकत नाही. उंट हलला की २. हत्ती × ए७ मात: हत्तीला बी६ प्याद्याचा आधार आहे आणि बी८ वर सी८ च्या राजाची नजर. म्हणजे काळा आधीच जवळजवळ झुगझ्वांगमध्ये आहे: कोणतीही चाल केली तरी तोटाच. त्याच्याकडे मोकळी चाल उरते ती फक्त ए७ प्याद्याची, ए६ किंवा ए५. ते प्यादं बी६ वर मारू शकत नाही, कारण ए-पट्टीवरच्या हत्तीने त्याला राजाशी पिन केलंय: ते बाजूला सरलं तर राजा शहात येतो. तेव्हा पांढऱ्याला हवी आहे एक थांबण्याची चाल, जी हे प्यादंही बांधून टाकेल.

आता चकवा. १. हत्ती ए५ मध्ये ए५ ची उडी बंद होते, पण ए७-ए६ उरते. मग हत्तीने ए६ मारलं की बी७ प्यादं हत्ती घेतं. एवढ्या एकाच चालीने ट्राय पडतो. हत्ती ए२, ए३ किंवा ए४ वर थांबला तर काळ्याकडे दोन उत्तरं आहेत, म्हणून तो चकवा कच्चा. १. हत्ती ए६ मध्ये हत्ती फुकट पडतो, पण बी७ प्याद्याने तो मारला की बी७ घर रिकामं होतं आणि २. प्यादं बी७ मात. ‘हत्तीचा बळी’ एवढंच लिहिलेल्या उत्तराला या फेरीत अर्धेच गुण दिले. बळी हा परिणाम आहे, हेतू नाही. हेतू आहे ए७ ला बूच लावणं.

‘उंट कुठेही, हत्ती × ए७ मात’ असं लिहायला हरकत नाही, पण लिहिण्याआधी सहाही घरं तपासा. सी७ वर उंट आला तर तो बी६ प्याद्यावर येतो, मग हत्तीचा आधार गेला का? नाही. शह ए७ वरच्या हत्तीचा आहे, बी६ मारून तो हटत नाही, आणि ते प्यादं तिथे असेपर्यंत राजाला हत्ती मारता येत नाही. चर्चेत सर्वांत जास्त वेळ या एका मुद्द्यावर गेला, आणि तो वाया गेला असं वाटत नाही.

स्टडीसाठी, म्हणजे चालींची मर्यादा नसलेल्या ‘जिंका’ किंवा ‘बरोबरी साधा’ अशा कोड्यासाठी, साव्हेद्राची मांडणी घेतली. पांढरा राजा बी६, प्यादं सी६; काळा राजा ए१, हत्ती डी५. पांढऱ्याची खेळी, पांढरा जिंकतो. (२+२). ही मांडणी १८९५ मध्ये ग्लासगोच्या एका साप्ताहिकातून बार्बिए यांनी मांडलेल्या बरोबरीच्या कोड्यावरून आली. तिथेच राहणाऱ्या साव्हेद्रा नावाच्या स्पॅनिश धर्मगुरूने त्यात जिंकण्याची चाल दाखवली. मुख्य ओळ: १. सी७ हत्ती डी६+ २. राजा बी५ हत्ती डी५+ ३. राजा बी४ हत्ती डी४+ ४. राजा बी३ हत्ती डी३+ ५. राजा सी२ हत्ती डी४! ६. सी८ ला हत्ती! वजीर केला तर हत्ती सी४+, वजिराने मारलं की स्टेलमेट (काळ्याला शह नाही, पण चालही नाही, म्हणून बरोबरी). हत्ती केल्यावर ए८ वर मातीची धमकी येते, म्हणून ६... हत्ती ए४ भाग पडतं, आणि ७. राजा बी३ हत्तीवरही जातो आणि सी१ वर मातही दाखवतो.

गुण इथे बहुतेकांचे दुसऱ्या चालीला गेले. २. राजा सी५ का नाही? कारण २... हत्ती डी१!, आणि ३. सी८ ला वजीर केला की हत्ती सी१+ देऊन मागचा वजीर उचलतो. राजा सी-पट्टीवर असला की हा धोका असतो. म्हणून तो बी-पट्टीवरून उतरतो आणि सी२ ला पोचतो तो थेट हत्तीवर. २. राजा बी७ ला हत्ती डी७ ने प्यादं पिन होतं. ही दोन उत्तरं नसतील तर स्टडीचं उत्तर पुरं धरलेलं नाही.

एका बारीक गोष्टीवर दोन मतं पडली. चौथ्या चालीला राजा सी३ हेही जिंकतं: राजा डी४ वरच्या हत्तीवर येतो, ४... हत्ती डी१ ५. राजा सी२ हत्ती डी४, आणि तीच स्थिती तितक्याच चालींत. ही ड्युअल आहे, म्हणजे पांढऱ्याला तिथे दुसरीही चाल चालते, पण कल्पना मोडत नाही. दोन्ही उत्तरांना पूर्ण गुण. टेबलबेस (थोड्या मोहऱ्यांच्या सर्व स्थितींची अचूक उत्तरं असलेला संगणकीय साठा) मात्र ३. राजा बी६ लाही ‘जिंकते’ म्हणतो. ती ड्युअल नव्हे. हत्ती डी६+ देतो आणि राजाला बी५ वर परतावंच लागतं, म्हणजे नुसता वेळ गेला. टेबलबेसचा हिरवा रंग पाहून ‘कूक सापडला’, म्हणजे रचनाकाराच्या मनात नसलेलं दुसरं उत्तर सापडलं, म्हणण्याआधी हा फरक पाहायचा.

तपासणीबद्दल. दोन-तीन चालींच्या कोड्यांना पोपाय हा कोडी तपासणारा प्रोग्रॅम वापरा: अट मातीची, पर्यायांत व्हेरिएशन, ट्राय आणि सेटप्ले (आधी काळा खेळला तर काय होतं ते) चालू. घोड्यासाठी इंग्रजी ‘एस’ अक्षर टाकायचं. ‘एन’ टाकलंत तर पोपाय त्याला नाइटरायडर (एकाच दिशेने सलग उड्या मारणारा काल्पनिक घोडा) समजतो आणि भलतीच उत्तरं देतो. स्टॉकफिश हे खेळाचं इंजिन मात शोधतं, चकवे सांगत नाही. हेल्पमेट (दोघं मिळून काळ्याला मात) आणि सेल्फमेटला (पांढरा काळ्याला आपल्यावर मात करायला भाग पाडतो) तर त्याच्याकडे जाऊच नये. स्टडीला उलट: तिथे स्टॉकफिश आणि सातपर्यंत मोहरी असतील तर टेबलबेस, पोपाय नको.

किल्लेकोटाचा नियम पुन्हा विचारला गेला. किल्लेकोट अशक्य आहे हे सिद्ध होत नाही तोवर तो करता येतो. एन पासाँ (दोन घरं पुढे आलेलं प्यादं, एकच घर आल्यासारखं धरून, प्याद्याने मारणं) मात्र आधीची चाल प्याद्याची दोन घरांचीच होती हे सिद्ध झालं तरच. समजा काळ्याकडे ई८ ला राजा, ए८ ला हत्ती आणि ए७ ला प्यादं एवढंच आहे आणि खेळी पांढऱ्याची. म्हणजे आधीची चाल काळ्याची. ए७ चं प्यादं हललेलं नाही, म्हणून हलला तो राजा किंवा हत्ती. किल्लेकोट संपला, आणि काळ्याचा तो बचाव उत्तरात लिहायची गरज नाही.

वेळेचं भान ठेवा. जागतिक सोडवणूक स्पर्धेत सहा फेऱ्या असतात, प्रत्येकीत तीन कोडी, प्रत्येकी ५ गुण, एकूण ९०. टूमूव्हरला २० मिनिटं, थ्रीमूव्हरला ६०, स्टडीला १००, हेल्पमेटला ५०, जास्त चालींच्या कोड्यांना ८०, सेल्फमेटला ५०. टूमूव्हरला कोड्यामागे सात मिनिटंही मिळत नाहीत, तेव्हा की-मूव्ह दिसली की काळ्याचे शह आणि राजाची सुटकेची घरं एवढं तपासून पुढे जायचं. चकव्यांचा अभ्यास घरी. जॉन नन २००४, २००७ आणि २०१० मध्ये ही स्पर्धा जिंकला. पटावरचा ग्रँडमास्टर इथेही पहिला येऊ शकतो, पण दर वेळी येतोच असं नाही.

थ्रीमूव्हर आणि त्यापुढच्यांसाठी पुढच्या फेरीत ‘इंडियन’ कल्पना घेऊ. १८४५ मध्ये दिल्लीतले पाद्री लव्हडे यांनी ‘शागिर्द’ या नावाने धाडलेल्या कोड्यावरून तिचं नाव पडलं. उंट एका घरावरून पलीकडे जातो, मग त्याच घरावर हत्ती येऊन उंटाची रेषा बंद करतो. काळ्याची कोंडी सुटते, राजा हलतो, आणि हत्ती बाजूला होताच दुहेरी शहाने मात. मूळ मांडणी काटेकोर नव्हती, म्हणून तीच न घेता नंतरची निर्दोष उदाहरणं निवडा. उत्तर लिहिताना उंटाने ओलांडलेलं घर वेगळं नोंदवा.

सोबत दोन-चाली हेल्पमेटही असतील. तिथे पहिली चाल काळ्याची आणि मातही काळ्यालाच, दोघं मिळून. उत्तरात काळ्याची चाल आधी लिहायची. सोडवताना मातीचं चित्र आधी ठरवा: काळा राजा कुठे, कोणती सुटकेची घरं त्याचीच मोहरी अडवतात, कोणती पांढऱ्याने धरली. मग मागे येत चालींचा क्रम लावा. क्रम एकच का, हे एका ओळीत लिहिलं नाही तर गुण कापले जातील.