आज सरांचा ऑफिसातला शेवटचा दिवस
सांगलीत शिकाऊ वार्ताहर म्हणून लागलेले आमचे सर आज जिल्हा आवृत्तीचे संपादक म्हणून रिटायर झाले, पण आजसुद्धा संध्याकाळी पहिलं काय वाचलं तर निधनवार्ता. नाव, वय, गाव, रक्षाविसर्जनाची वेळ, सगळं स्वतः फोन लावून चेक केलं, कारण ती वेळ वाचून गावोगावचे पाहुणे एसटी धरतात. मग हळदीचे सौदे, द्राक्षाचे दर, म्हैसाळ योजनेच्या पाण्याचं आवर्तन.. मोठ्या शहरातल्या पेपरला ह्यात बातमी दिसत नाही पण इथल्या माणसाचा अख्खा दिवस ह्याच्यावर ठरतो हो.

2019 च्या महापुरात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलेलं, व्हॉट्सॲपवर कसल्या कसल्या अफवा, तेव्हा सर एकच सांगायचे, पाटबंधारेवाल्यांशी बोलल्याशिवाय आकडा छापायचा नाही.

आणि तालुक्याच्या वार्ताहरांना त्यांनी जो मान दिला तो मी दुसरीकडे बघितला नाही. मानधन तुटपुंजं, बहुतेकजण शेती नाहीतर दुकान सांभाळून बातम्या पाठवतात, पण चांगली बातमी असली की सर रात्री फोन करून सांगणारच. आज जतवरून, आटपाडीवरून आलेले सगळे निरोपाला, एकजण तर चालू दुकान बंद करून आला.