कानात पिसू आणि मी पलंगामागे

आपल्या मनात पाल चुकचुकते, फ्रेंच माणसाच्या कानात पिसू शिरते. संशय तोच, प्राणी वेगळा. झॉर्झ फेदोच्या ज्या फार्सचं नावच ‘कानातली पिसू’ आहे, त्या ‘ला प्यूस आ लॉरेय’मध्ये मी एक अख्खा हिवाळा घालवला. पण रंगमंचावर नाही, भिंतीच्या मागे.

पॅरिसच्या पूर्वेकडच्या ज्या उपनगरात मी राहते, तिथे हौशी लोकांची एक नाटकमंडळी आहे. ऑफिसातली एक मैत्रीण मला तिकडे घेऊन गेली. मी मूळची सांगलीची, नाट्यपंढरीतली. त्यामुळे दोन वाक्यं तरी मिळतील अशी आशा होती. वाचनाच्या दिवशी माझा ‘र’ ऐकून दिग्दर्शिका खूश झाली आणि म्हणाली, हिला स्पॅनिश नवऱ्याचं काम देऊ या! त्या ओमेनिदेस दे इस्तांगुआला पिस्तूल घेऊन धावत किंचाळायचं असतं. माझं दुसरं वाक्य संपेपर्यंत तिचा विचार बदलला. मग कुणीतरी विचारलं, “तू मेकॅनिकल इंजिनियर ना?” झालं. पलंग माझ्या गळ्यात पडला.

हा पलंग म्हणजे दुसऱ्या अंकाचा जीव. गोष्ट थोडक्यात सांगते. रेमोंदचा नवरा शांदबीझ हल्ली तिच्याजवळ फिरकत नाही, आणि अशातच त्याचे गॅलिस एका बदनाम हॉटेलातून पोस्टाने घरी येतात. (ते त्याने पुतण्याला दिलेले असतात, पण बायकोला कुठे माहीत!) नवऱ्याला पकडण्यासाठी ती मैत्रिणीच्या हाताने निनावी प्रेमपत्र लिहवून घेते. तो ते कौतुकाने त्या मैत्रिणीच्याच नवऱ्याला, म्हणजे पिस्तूलवाल्याला दाखवतो. अक्षर ओळखलं जातं आणि सगळे हॉटेलकडे धावतात. तिथल्या एका खोलीत पलंगाशेजारी बटण आहे. धाड पडली की बटण दाबायचं. भिंतीच्या तुकड्यासकट पलंग गर्रकन फिरतो आणि पलीकडच्या खोलीतला पलंग समोर येतो. त्यावर संधिवाताने कण्हणारा एक म्हातारा. पोलिसांसाठी सभ्य देखावा तयार!

आमचं नाटक का निवडलं गेलं, तर लेखकाच्या हक्काचे पैसे द्यावे लागत नाहीत म्हणून. फेदो १९२१ मध्ये गेला, त्यामुळे ते हक्क कधीच संपलेत. त्याच्या आयुष्यातला एक तपशील मला फार आवडतो: १९०९ मध्ये तो घर सोडून सँ-लझार स्टेशनजवळच्या हॉटेलात राहायला गेला आणि वर्षानुवर्षं तिथेच राहिला. हॉटेलातल्या भानगडींवर हसवणाऱ्या माणसाला शेवटी हॉटेलच घर झालं.

संहिता हातात आली आणि मी चक्रावले. संवादांइतक्याच कंसातल्या सूचना. कोण कुठल्या दारातून येतो, कोण किती पावलं टाकतो, प्रेक्षकांच्या डावीकडून मोजत उभ्या असलेल्या पात्रांना चक्क १, २, ३ असे आकडे. आम्हा अभियंत्यांना ड्रॉइंग वाचायची सवय असते. हे ड्रॉइंगच होतं. नटांना मात्र जाच वाटायचा. रेमोंदच्या मागे लागलेल्या तूर्नेलचं काम करणाऱ्या आमच्या नटाने एकदा “मला आतून वाटलं” म्हणून दोन पावलं जास्त टाकली, आणि मागून येणारं दार थेट त्याच्या नाकावर बसलं. त्यानंतर आतून कुणाला काही वाटलं नाही.

तालमींचा एक प्रकार मला नवा होता. त्याला ते ‘इटालियन’ म्हणतात. सगळ्यांनी गोलात बसून, अभिनय न करता, पाढे म्हटल्यासारखे भराभर संवाद म्हणायचे. सुरुवातीला वाटलं, नाटकाची हत्या चालली आहे. तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की वेग जिभेत मुरत होता.

माझा वेग मात्र मुरेना. वर्तुळाकार फळ्या, मधे खुंटा, खाली चाकं, वर पाठीला पाठ लावलेले दोन पलंग आणि मधे भिंत. ढकलायला मी आणि एक निवृत्त प्लंबर, ज्यांना सगळे ‘पापी’, म्हणजे आजोबा, म्हणत. समोर बटण दाबलं की मागे आमच्या डोळ्यांपुढे छोटा लाल दिवा लागायचा. पहिल्या दिवशी अर्धी फेरी मारायला सात सेकंद लागले. तेवढ्यात प्रेक्षकांना काय होणार ते कळून, हसून, कंटाळूनही झालं असतं. दिग्दर्शिकेला तीन सेकंद हवे होते. चाकं बदलली, खुंट्याला ग्रीस लावलं, तरी एका दिशेने तीन आणि परतीला पाच! शेवटी मी लेव्हल लावून पाहिली. त्या जुन्या सभागृहाचा रंगमंच प्रेक्षकांकडे किंचित उतरता होता. एक पलंग दुसऱ्यापेक्षा जड, त्यामुळे एकदा उतार आमच्या बाजूने आणि एकदा विरुद्ध. हलक्या पलंगाखाली वाळूच्या पिशव्या बांधल्या तेव्हा कुठे जमलं. आणि तो आपोआप फिरू नये म्हणून एक लाकडी पाचर.

मधल्या काळात जुन्या प्रयोगांविषयी मिळेल ते वाचलं. १९०७ मध्ये नूव्होते थिएटरात नाटक जोरात चाललं होतं, पण त्यातला एक नट वारला आणि प्रयोग थांबले. फेदो गेल्यावर बराच काळ त्याला जुनाट समजत. दुसऱ्या महायुद्धानंतर झाँ-लुई बारो आणि मादलेन रनो या नट-नटी जोडप्याच्या नाटकमंडळीने १९४८ मध्ये त्याचं दुसरं एक नाटक केलं, तेव्हापासून हवा बदलली. १९६६ मध्ये ‘पिसू’ लंडनच्या ओल्ड विक थिएटरात इंग्रजीत गेली. दिग्दर्शनाला कोमेदी-फ्रांसेझ या फ्रान्सच्या सरकारी नाट्यसंस्थेचा झाक शारों, आणि शांदबीझ व त्याच्यासारखाच दिसणारा हॉटेलातला दारुडा हमाल पोश, या दोन्ही भूमिकांत अल्बर्ट फिनी. २०१९ मध्ये कोमेदी-फ्रांसेझमध्ये दिग्दर्शिका लिलो बाउरने ती १९६० च्या दशकात, बर्फाळ डोंगरात नेऊन बसवली. काळ बदला, कपडे बदला, चालतं. दारं आणि सेकंद बदलले की मेलात.

दुहेरी भूमिकेची गंमत आपल्याला सांगायला नको. ‘सही रे सही’ पाहिलेल्यांना विंगेतली धावपळ माहीत आहे. आमच्या नटाचा कोट पुढून बटणांचा दिसायचा, पण मागून वेल्क्रोवर होता. एक बाई कोट ओढायची, दुसरी टोपी घालायची, तिसरी पाणी पाजायची.

पहिला प्रयोग सुरळीत झाला. फ्रान्समध्ये पडदा उघडण्याआधी देतात ते काठीचे तीन ठोके पडले. मी मनातल्या मनात नारळ फोडून घेतला.

दुसऱ्या प्रयोगाला माझ्याकडून पाचर काढायची राहिली. लाल दिवा लागला, आम्ही जीव खाऊन ढकललं, पलंग मध्येच अडकला. समोर अर्धी भिंत, त्यातून बाहेर आलेले म्हाताऱ्याचे दोन पाय. क्षणभर शांतता. मग आमचे म्हातारेबुवा कण्हत म्हणाले, “बाळांनो, भिंतीलासुद्धा संधिवात झालाय.” सभागृह कोसळलं! पापींनी बुटाने पाचर उडवली, पलंग फिरला, आणि मी भिंतीला टेकून हसत राहिले.

मध्यंतरात दिग्दर्शिका आली ती पांढरीफटक. “तुम्हाला मोठा हशा मिळाला, माझे पुढचे तीन गेले.” मला आधी राग आला. मग रेकॉर्डिंग ऐकलं. खरंच, त्या टाळ्यांत रेमोंदची किंकाळी बुडाली होती. किंकाळी ऐकू न आल्याने तूर्नेल उशिरा वळला, आणि नेहमी हमखास हसवणारी पोशची एन्ट्री थंडपणे निघून गेली. म्हातारेबुवांनी दुसऱ्या दिवशी तेच वाक्य पुन्हा म्हणू का, असं आशेने विचारलं. तिने फक्त संहिता पुढे केली.

उरलेल्या चार प्रयोगांत पाचर माझ्या गळ्यात होती, सुतळीला ओवलेली. ती गळ्यात असेल तरच पापी पलंगाला हात लावायचे.