माल्टनचा ईडन कॅम्प: युद्धकैद्यांची छावणी बघायला जाताना

इंग्लंडमध्ये लीड्स-यॉर्ककडून व्हिटबीच्या समुद्रावर जाताना माल्टनच्या पुढे ए-६४ आणि ए-१६९ हे रस्ते मिळतात, तिथेच ईडन कॅम्प लागतो. दुसऱ्या महायुद्धातली ही ८३ क्रमांकाची युद्धकैद्यांची छावणी १९८७ पासून संग्रहालय आहे. जाता जाता तासभर डोकावू, असा बेत करू नका. अख्खा दिवस ठेवा.

१९४२ मध्ये इथे नुसते तंबू आणि काटेरी तारा होत्या. पुढे इटालियन कैद्यांकडूनच बराकी बांधून घेतल्या. इंग्लंडमध्ये आलेले इटालियन कैदी बहुतेक उत्तर आफ्रिकेत पकडलेले. तिथे सिदी बर्रानीला, डिसेंबर १९४० मध्ये, चौथी भारतीय डिव्हिजन लढली होती, हे लक्षात ठेवून आत शिरा. १९४४ पासून इथे जर्मन कैदी आले, १९४८ मध्ये छावणी बंद झाली.

लोक आधी पाणबुडी आणि लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यांच्या बराकींकडे धावतात. तिथले आवाज आणि वासही खरे वाटतात, मुलं रमतात. पण मी म्हणेन, कैद्यांची बराक आधी बघा. तारांच्या कुंपणापेक्षा आजूबाजूच्या शेतांनीच ही छावणी चालवली, हे तिथे उमगतं.

गडी सैन्यात गेलेले आणि देशाला तर जास्त धान्य पिकवायचं होतं. १९२९ च्या जिनिव्हा करारानुसार अधिकाऱ्यांना कामाला जुंपता येत नसे, साध्या सैनिकांना येई. फक्त काम लढाईशी संबंधित नको. शेतकरी जिल्ह्याच्या युद्धकालीन शेती समितीकडे माणसं मागे. सकाळी लॉरी निघे, बटाटे काढायला, चर खणायला टोळ्या शेतावर सोडे. शेतकरी स्थानिक दराने मजुरी समितीला देई आणि कैद्याच्या हातात त्यातला अगदी थोडा भाग पडे, तोही टोकनच्या रूपात. ही टोकनं चालत ती छावणीच्या कँटीनमध्येच. पळून जाणाऱ्याच्या खिशात खरे पैसे नकोत, हा हिशोब.

कपड्यांवर, पाठीवर आणि पायावर, वेगळ्या रंगाची ठिगळं शिवलेली असत, म्हणजे शेतातला कैदी लांबूनही ओळखू यावा. तरी विश्वासातल्या कैद्यांना पहाऱ्याविना थेट शेतकऱ्याच्या घरी ठेवत. जर्मनांची मात्र मुलाखत घेऊन पांढरे, करडे, काळे अशी वर्गवारी होई. काळे म्हणजे कट्टर नाझी. युद्ध संपलं तरी जर्मन कैद्यांना लगेच सोडलं नाही. १९४६ मध्ये ब्रिटनमध्ये चार लाखांवर जर्मन कैदी होते. लढाई थांबल्यावरही माणसं पिकासाठी अडकवून ठेवली, हे मला आजही खटकतं. त्या डिसेंबरात स्थानिकांशी मिसळण्यावरची बंदी उठली आणि पुष्कळ घरांनी त्यांना नाताळच्या जेवणाला बोलावलं. सुमारे २४ हजार जण कायमचे इथेच राहिले.

गाडी नसेल तर लीड्स-यॉर्कहून व्हिटबीकडे जाणारी कोस्टलायनर बस पकडा, किंवा रेल्वेने माल्टनला उतरून टॅक्सी करा. नाताळाच्या सुमारास संग्रहालय बंद असतं. बराकी सुट्या सुट्या आहेत, एकीतून दुसरीत जाताना भिजायला होतं, तेव्हा रेनकोट हवाच. कुत्रा पट्ट्याला बांधून आत नेता येतो. डरहॅम परगण्यात क्रूकजवळ हार्परली इथे ९३ क्रमांकाची छावणी आहे. जर्मन कैद्यांनी तिथे रंगमंच उभारला होता. ती बघायची असेल तर आत सोडतात का, हे आधी फोन करून विचारा. परतीच्या बसची वेळ जातानाच बघून ठेवा.