काढता पाय

दुपारी साडेतीनला माझा राक्षस गुडघ्यापर्यंत तयार झाला आणि तिथेच अडला.

ऑक्टोबरातला चित्रांचा नेम आहे. रोज एक शब्द, रोज एक शाईचं चित्र, ३१ दिवसांत ३१. २००९ साली एका चित्रकाराने स्वतःचा हात सुधारावा म्हणून हे सुरू केलं आणि ते आमच्यासारख्यांच्या गळ्यात पडलं. आजचा शब्द राक्षस. अट अशी की तो उसना नको, स्वतःचा हवा. सकाळपासून मी त्याला तीनदा घडवला. पहिल्याला शिंगं, सुळे, पंख, नख्या, होतं नव्हतं ते सगळं दिलं. तो घरातले झाडून सगळे दागिने घालून फोटोला उभा राहिल्यासारखा दिसायला लागला. दुसऱ्याचे डोळे मोठे झाले. डोळे मोठे झाले की संपलंच, त्याला उचलून घ्यावंसं वाटतं. तिसऱ्याचे मी मोहरीएवढे केले, कपाळाखाली खोल, एकमेकांना खेटून. हा जमला. मानेवरचे खवले एकावर एक बसवताना ब्रश पेनची शाई संपत आली, तेही त्याला मानवलं. कोरड्या, फाटक्या रेघेने खवले जुनाट दिसायला लागले, कडांना झिजल्यासारखे. मग गुडघे आले.

मला पाय काढता येत नाहीत. हे आजचं नाही. माझी माणसं कायम उंच गवतात उभी असतात, माझे घोडे सदानकदा नदी ओलांडत असतात. बघणाऱ्यांना वाटतं, हिला निसर्गाची ओढ आहे. खरं म्हणजे पाय काढायची वेळ आली की मी काढता पाय घेते.

लहानपणी सुट्टीत, मोठी माणसं दुपारची झोपली की आम्ही तिघं भावंडं कागदाला घड्या घालून राक्षस काढायचो. वरच्या घडीत डोकं, मधल्या घडीत धड, खाली पाय. आपलं काढून झालं की घडी उलटवायची, आणि पुढच्याला जोड कळावा म्हणून दोन बारीक रेघा घडीखाली उतरवून ठेवायच्या. मी थोरली म्हणून डोकं माझं. हा नियम मीच केला होता आणि त्यामागचं कारण कुणाला कळू दिलं नव्हतं. मधलीला धड म्हटलं की खिशांचा शर्टच सुचायचा, आणि एका खिशातून कंगवा डोकावायचा. पाय धाकट्याकडे. तो हाताचा आडोसा करून, जीभ दातात धरून, पेन्सिल इतकी दाबायचा की मागच्या बाजूला बोट फिरवलं तर पाय हाताला लागायचे.

कागद उलगडला की माझं अक्राळविक्राळ डोकं, खाली तो कंगवा, आणि त्याखाली नाडीचे बूट. एक पुढे, एक मागे. आवाज न करता हसायचं म्हणजे पोट दुखायचं. रात्री मात्र तो कागद उशाशी नको वाटायचा. डोक्याची भीती नव्हती, ते मीच काढलेलं. भीती त्या बुटांची. डोकं जागच्या जागी ओरडत होतं. बूट निघाले होते.

भुतालाही आपण पायांवरूनच ओळखतो. उलटे असतात म्हणे. पण उलटे काढायला आधी सुलटे तर यायला हवेत! त्यापेक्षा बागुलबुवा बरा. त्याला पाय नाहीत, तोंड नाही, कुणी कधी वर्णनच केलं नाही. नुसत्या 'येईल हं' एवढ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चाललंय त्याचं.

मनातला प्राणी खरा कसा वाटावा याची एक कृती लिओनार्दो दा विंचीने लिहून ठेवली आहे. डोकं शिकारी कुत्र्याचं घ्या, डोळे मांजराचे, कान साळिंदराचे, कपाळ सिंहाचं, मान पाण्यातल्या कासवाची. मानेपाशी यादी संपते. पायांचं नाव नाही. हे वाचलं त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं.

आणि पायांत तर जाणकारही फसलेत. कॅनडातल्या बर्जेस शेल खडकात सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीचा, बोटापेक्षा लहान असा एक जीव सापडला. १९७७ मध्ये त्याचं वर्णन छापून आलं: काठ्यांसारख्या ताठ काट्यांवर उभा, पाठीवर मऊ नळ्यांची रांग. असं जनावर स्वप्नातच दिसायचं, म्हणून नाव ठेवलं हॅलुसिजेनिया. १९९१ मध्ये, चीनमध्ये सापडलेल्या त्याच्या भाऊबंदांवरून लक्षात आलं की गडी उलटा उभा केलाय. काटे पाठीवरचे, मऊ ते पाय. चौदा वर्षं बिचारा काट्यांवर उभा होता. तोंड नक्की कुठल्या टोकाला, हे ठरायला २०१५ उजाडलं. मी निदान तोंड तरी वर काढते.

पाच वाजता टेबलाखाली वाकून स्वतःचा पाय समोर ठेवून पाहिला. अंगठ्यापेक्षा शेजारचं बोट लांब आहे हे इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. काढला तर उशीला पाच गाठी मारल्यासारखा झाला.

शेवटी गुडघ्यापर्यंतच्या राक्षसाचा फोटो धाकट्याला पाठवला, खाली दोन बारीक रेघा उतरवून. तो आता दिवसभर लोकांचे हिशेब तपासतो, गेल्या तीस वर्षांत त्याने पेन्सिल धरली नसेल. तासाभराने उत्तर आलं. शब्द एक नाही, कसल्याशा छापील फॉर्मच्या मागे निळ्या बॉलपेनने काढलेले नाडीचे बूट. एक पुढे, एक मागे. दाबून काढलेले, फोटोतही कळत होतं.

पण अट स्वतःच्या राक्षसाची आहे. शिवाय बूट जोडले तर हा रात्री निघणार, आणि स्केचबुक माझ्या उशाशीच असतं.

मी गुडघ्याखाली पाणी भरलं. पाणी मला बरं जमतं.